जत्रेतलं दशावतारी नाटक पहिल्यांदा बघायला जाताना

सिंधुदुर्गात माझं गाव नाही, सासर-माहेर नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं माहेर कुडाळजवळ आहे. तिच्या तोंडून दशावताराबद्दल, म्हणजे जत्रेत देवळासमोर रात्रभर चालणाऱ्या पुराणकथांच्या लोकनाट्याबद्दल, इतकं ऐकलं होतं, की एकदा बघायचंच असं ठरवून २०२४ च्या नोव्हेंबरात मी एकटीच पुण्याहून निघाले. मागच्या वर्षी तिने २७ नोव्हेंबरला जत्रेचा व्हिडिओ पाठवला होता, म्हणून मीही २७ तारीख धरली. पोचले तर देवळासमोर एक कुत्रं झोपलं होतं आणि बांबू बांधल्याचे खड्डे तेवढे उरले होते. जत्रा होऊन बारा दिवस झाले होते. मैत्रिणीच्या आईने, म्हणजे काकूंनी, भाकरी वाढता वाढता विचारलं, "अगो, देवाक काय इंग्रजी म्हयनो कळता?"

त्यानंतर मात्र नीट विचारून, पंचांग बघून बऱ्याच जत्रा केल्या. काही चुका नव्याने केल्या. त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. कोकणातलेच असाल तर यातलं निम्मं तुम्हाला हसू येण्यासारखं वाटेल. ज्यांना गाव नाही, ओळख नाही, पण रात्रभर मांडी घालून बसायची तयारी आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

१. आधी पंचांग, मग तिकीट

दशावताराचा हंगाम पावसानंतर सुरू होतो. कार्तिकात गावोगावच्या ग्रामदेवतांच्या जत्रा लागतात आणि त्या जत्रेच्या रात्री देवळासमोर नाटक होतं. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ हा भर. पुढे उन्हाळ्यातही प्रयोग चालतात. मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की वाडीवाडीवर सत्यनारायणाच्या पूजेला, वर्धापनदिनाला नाटकं ठेवतात. पाऊस आला की पेटारे बंद.

जत्रा तिथीवर असते, हे कळायला मला एक आख्खी रजा आणि जाण्या-येण्याचं भाडं खर्च करावं लागलं. त्रिपुरी पौर्णिमा २०२३ मध्ये २६-२७ नोव्हेंबरला होती, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला. असं दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे येत राहतं आणि मग अधिक महिना आला की एकदम पुढे उडी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे तीच पौर्णिमा २४ नोव्हेंबरला. तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि या तिथ्यांवर खूण करा: त्रिपुरी पौर्णिमा, तिच्या मागचे-पुढचे दिवस, आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा म्हणजे कोकणातली देवदिवाळी. या पंधरा-वीस दिवसांत एका रात्री चार गावांत चार नाटकं असतात.

सगळ्याच जत्रा तिथीवरही नसतात, हा दुसरा सापळा. मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर होईपर्यंत कुणालाही विचारून उपयोग नाही. आणि तारीख जाहीर झाली की गाड्या भरतात.

तिकिटाबद्दल इतकंच, की रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्रिपुरी पौर्णिमेचं गणित सप्टेंबरातच मांडायला हवं, म्हणजे गणपतीच्या गडबडीत.

२. पहिली जत्रा लहान गावाची निवडा

नवखा माणूस नाव ऐकून मोठ्या जत्रेला जातो. सोनुर्लीची माउली, लोटांगणाची जत्रा, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. आंगणेवाडी. महाशिवरात्रीला देवगडचं कुणकेश्वर. तिन्ही बघण्यासारख्या आहेत, पण तिथे तुम्ही रांग बघाल, गर्दी बघाल, समुद्र बघाल. सोनुर्लीत नवस फेडायला देवळाभोवती लोटांगण घालणारे भाविक बघून मी तासभर जागची हलले नाही. पण नाटक म्हणून जे बघायचं, त्यासाठी दोन-तीनशे माणसांची जत्रा बरी. तिथे पहिल्या रांगेत चटई टाकता येते, नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि कुणीतरी येऊन "तुम्ही खंयचे?" असं विचारतंच. त्या प्रश्नाला नीट उत्तर दिलंत की चहाची सोय झाली.

असं गाव शोधायचं कसं? तीन वाटा. स्थानिक पेपरात हंगामात "आजच्या जत्रा" किंवा "आजचे नाट्यप्रयोग" अशी बारीक टायपातली बातमी असते. दुसरी वाट म्हणजे कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला इथल्या एसटी स्टँडजवळच्या भिंती आणि चहाच्या टपऱ्या. पोस्टरं तिथे लागतात. तिसरी आणि सगळ्यात खात्रीची वाट म्हणजे रिक्षावाला. आज कुठे नाटक आहे, कुठली नाटक कंपनी आहे आणि त्यातला राजा कोण करतो, हे त्याला ठाऊक असतं. गोव्यातून जाणार असाल तर पेडण्यातही हेच विचारा. दशावताराला राज्याची हद्द नाही.

३. पोस्टर वाचायला शिका

गावातले लोक "आज कोण आसा?" म्हणतात तेव्हा ते कंपनीचं नाव विचारत असतात. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर, पार्सेकर, नेरूरचं कलेश्वर अशी नाट्यमंडळांची नावं गावाच्या किंवा घराण्याच्या नावाने चालतात. कितीतरी देवळांची जत्रा पिढ्यान् पिढ्या एकाच कंपनीकडे असते. तिथे निवड करायचा प्रश्नच येत नाही, देवाची कंपनी ठरलेली.

पोस्टरवर नाटकाचं नाव असतं, पण ते वाचून फार काही कळत नाही, कारण संहिता छापलेली नसतेच. कथानक पुराणातलं किंवा पुराणाच्या धाटणीचं. संध्याकाळी कंपनीचा मालक किंवा जाणता नट कोण कुठली भूमिका करणार आणि गोष्ट कुठून कुठे जाणार हे सांगतो. संवाद नट उभ्या उभ्या रचतात. म्हणून एकच नाटक दोन गावांत दोन तऱ्हांनी होतं.

दोन शब्द मात्र बघून ठेवा. "संयुक्त दशावतार" असं लिहिलं असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र येणार आहेत. हे जत्रेपेक्षा एरवीच्या कार्यक्रमांत जास्त. अभिनयाची जुगलबंदी बघायला उत्तम. "ट्रिकसीनयुक्त" असं असेल तर धूर, दिवे, अचानक प्रकट होणारे देव आणि कधी हलणारा नाग. लहान मुलं बरोबर असतील तर हेच निवडा. मला स्वतःला ट्रिकसीन फारसे रुचत नाहीत. एका लाकडी बाकड्यावर बसून समोरच्याला सिंहासन दाखवणाऱ्या नटाला धुराची गरज काय? पण माझ्या शेजारी बसलेला सहा वर्षांचा मुलगा नाग निघाल्यावर आईच्या पदरात शिरला, तेव्हा माझं मत मी माझ्यापाशीच ठेवलं.

४. जाणं, राहणं आणि पहाटेचं परतणं

मुंबईकरांनी रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकडावी. कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरायचं. सावंतवाडी रोड हे स्टेशन गावात नाही, मळगावात आहे, तेव्हा "स्टेशनला उतरून चालत राजवाड्यावर" असला बेत आखू नका. पुण्याहून यायचं तर कोल्हापूरमार्गे घाट उतरावा लागतो. आंबोलीतून उतरलात तर थेट सावंतवाडी, फोंडा घाटातून उतरलात तर कणकवली. घाट रात्री उतरू नका, आणि कुठला घाट दुरुस्तीसाठी बंद आहे हे निघायच्या आदल्या दिवशी विचारा.

मुक्काम कुडाळला किंवा सावंतवाडीला ठेवा. लॉजवाल्याला आधीच सांगून टाका, की रात्री बाहेर असेन आणि सकाळी सहा-सातला येईन. मी सांगितलं नव्हतं. पहाटे साडेपाचला बंद शटरसमोर पायरीवर बसून राहिले आणि दूधवाल्याने मला जागं केलं.

आता सगळ्यात मोठा सापळा. जायला वाहन मिळतं, यायला मिळत नाही. संध्याकाळी जत्रेच्या गावाला रिक्षा, जादा एसटी, कुणाची तरी मोटारसायकल, सगळं असतं. पहाटे चारला त्यातलं काहीही नसतं. तेव्हा ज्या रिक्षाने जाल त्याच रिक्षावाल्याशी परतीचं ठरवा, भाडं आधी बोला आणि त्याचा नंबर घ्या. बहुतेक वेळा तो म्हणतो, "मी पण नाटक बघतलंय." मग चिंता मिटली. फक्त तो कुठे बसलाय हे बघून ठेवा.

५. पिशवीत काय हवं

कागदपत्रं थोडीच. लॉजसाठी ओळखपत्र, रेल्वेचं तिकीट, आणि स्वतःची गाडी असेल तर तिचे कागद. नाटकाला तिकीट नसतं, पासही नसतो.

बाकीची यादी:

– चटई किंवा जाड सतरंजी. खुर्च्या असल्या तरी त्या मागे, आणि मागून रंगमंचावरचं बाकडं दिसत नाही.
– शाल किंवा स्वेटर, आणि डोक्याला बांधायला काहीतरी. कोकणात थंडी नसते हे मुंबईकरांचं मत रात्री दोनपर्यंत टिकतं. मंडपाबाहेर बसलात तर दव पडतं.
– टॉर्च. मोबाईलचा उजेड चालतो, पण पहाटेपर्यंत मोबाईल चालत नाही.
– सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटा. कशाला, ते पुढे येईल.
– पाण्याची बाटली.
– चपला ठेवायला एक कापडी पिशवी. देवळाबाहेरच्या ढिगातून पहाटेच्या अंधारात मी एकदा दोन वेगवेगळ्या चपला घालून कुडाळपर्यंत आले आहे.

कॅमेरा न्यायचा तर न्या, फ्लॅश बंद.

जेवून जा, पण पोटात जागा ठेवून. जत्रेत चहा, भजी, उसळ-पाव मिळतं आणि खाजं तर हवंच. बेसनाच्या कुरकुरीत कांड्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या, त्यात आल्याचा चरका. नाटकाला बसण्याआधी पुडा घेऊन ठेवा, मध्येच उठलात तर जागा जाते.

६. रात्र कशी सरकते

"नाटक किती वाजता?" हा प्रश्न मी पहिल्या वर्षी पाच जणांना विचारला. पाचांनी पाच वेळा सांगितल्या. शेवटी एका आजोबांनी खरं ते सांगितलं: "पालखी फिरली काय लागतला."

तेच वेळापत्रक. दिवसभर माहेरवाशिणी आणि गावकरी ओटी भरायला, नारळ-केळी ठेवायला येत असतात. रात्री गाऱ्हाणं होतं. एक जण देवापुढे उभा राहून साऱ्या गावाचं, परगावी गेलेल्या लेकरांचं, गुराढोरांचं मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यामागे सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग पालखी बाहेर पडते, देवळाला प्रदक्षिणा होते. पालखी आत गेल्यावर नाटक. ते अकराला असेल, बाराला असेल, एकालाही असेल. घड्याळ बघून चिडलात तर रात्र वाया. मी नऊला पोचून बारापर्यंत कुरकुरत बसले होते. आता त्याच तीन तासांसाठी मी मुद्दाम लवकर जाते.

सुरुवातीला पेटी, पखवाज आणि झांज वाजू लागते. त्याच्यानंतर येतो तो पूर्वरंग, ज्याला आड दशावतार म्हणतात. सूत्रधार नमन गातो. ऋद्धी-सिद्धीबरोबर गणपती येतो, पूजा सांगायला भटजी येतो, सरस्वती नाचते, ब्रह्मदेव येतो. आणि मग संकासुर. काळे कपडे, काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा हा राक्षस बोलतो मात्र अस्सल मालवणीत, आणि सूत्रधाराला, प्रेक्षकांना, गावच्या सरपंचालाही सोडत नाही. रस्त्यावरचे खड्डे, बंद पडलेला नळ, कोण मुंबईहून आलं आणि कोण आलं नाही, सगळं त्याच्या तोंडी येतं. शेवटी विष्णू त्याला मारतो.

हल्ली पुष्कळ ठिकाणी हा भाग वीस मिनिटांत उरकतात, कुठे गाळतातही. म्हणून जत्रा निवडताना "आड दशावतार पुरो करतत काय?" असं जरूर विचारा. माझ्या मते पूर्ण संकासुर बघायला मिळणार असेल तर दहा किलोमीटर लांबची जत्राही पत्करावी.

मध्ये कधीतरी तबक फिरतं. रंगवलेला नट आरतीचं तबक घेऊन प्रेक्षकांत येतो, त्यात आपण दहा-वीस रुपये टाकायचे. सुट्या नोटा यासाठी. शिवाय एखाद्या नटाचं काम आवडलं तर बक्षीस देतात आणि देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारतात. तुम्हालाही द्यावंसं वाटलं तर कमिटीच्या माणसाकडे द्या, थेट रंगमंचावर चढू नका.

मग मुख्य गोष्ट, आख्यान. हे दोन-तीन तास तरी चालतं. परंपरेने शेवट पहाटे दहीकाल्याने, हंडी फोडून होतो. या रात्रीलाच पुष्कळ जण "धयकालो" म्हणतात. हंडी फुटेपर्यंत थांबा. निम्मं मंडप तोवर झोपलेलं असतं आणि झांजेच्या आवाजाने ते एकदम उठून बसतं, ते दृश्य चुकवू नये.

७. गोष्ट हातून सुटू नये म्हणून

पहिल्या आख्यानात अर्ध्या तासात माझा धागा सुटला. कोण राजा, कोण प्रधान, राणी रडते का आहे, काही कळेना. त्यावर एक साधी युक्ती आहे. प्रत्येक पात्र पहिल्यांदा आलं की ते बाकड्यापुढे उभं राहून आपण कोण, कुठले आणि मनात काय आहे हे स्वतःच सांगतं. ती पहिली पाच मिनिटं कान देऊन ऐका. खाजं खायला, फोन बघायला ती वेळ नाही. ती ऐकलीत तर पुढे डुलकी लागली तरी चालेल.

भाषा जड वाटेल. राजे-महाराजे पुस्तकी, घोटीव मराठीत बोलतात. कधीही शाळेच्या पलीकडे न गेलेला नट अस्खलित संस्कृतप्रचुर वाक्यं बोलतो, तीही न लिहिलेली. विनोदी पात्र मालवणीत शिरतं. पदं रागदारी वळणाची असतात आणि पेटीवाला नटाच्या मागोमाग सूर पकडत जातो. नारद आला की समजा, आता भांडण लागणार. राक्षस येताना आधी आरोळी ऐकू येते आणि पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकतात. लढाई झांजेच्या ठेक्यावर गिरक्या घेत होते. ती लांबली तर कंटाळू नका, तिथे नट एकमेकांचा दम बघत असतात.

आणि स्त्री भूमिका. त्या परंपरेने पुरुषच करतात. नवखे प्रेक्षक पहिली दहा मिनिटं "हा पुरुष आहे" एवढंच बघत बसतात. मीही बसले. मग त्या राणीने मेलेल्या मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि माझ्या पुढच्या बाईने डोळ्याला पदर लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी कधीचीच ते विसरले आहे.

८. रंगपटात जायचं असेल तर

नट जिथे रंगतात तो रंगपट. लहान जत्रेत तो देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या वर्गात असतो. जाता येतं, पण विचारून. कंपनीच्या मालकाला गाठा, पुण्याहून किंवा जिथून आलात तिथून आलोय म्हणून सांगा. चपला बाहेर. पेटाऱ्याला पाय लावायचा नाही, त्यावर बसायचं नाही.

मी एकदा गेले तेव्हा पन्नाशीचे एक गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर ट्रंकेच्या झाकणाला टेकवलेला, कोपरा फुटलेला आरसा. दोरीने टांगलेल्या एकाच दिव्याच्या उजेडात ते भुवई काढत होते. अंगात बनियन, कमरेला लुंगी. चेहऱ्याचा अर्धा भाग गुलाबी, अर्धा त्यांचा स्वतःचा, दाढीची निळसर छटा अजून दिसत असलेला. कपाळावर चंद्रकोर रेखताना त्यांनी श्वास धरला. मग साडी नेसायला उभे राहिले, निऱ्या मोजून घेतल्या आणि माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा मान वळवायची तऱ्हाच बदलली होती. "बसा," म्हणाले, आणि तो आवाजही निराळा. सलग किती दिवस चालू आहे असं मी विचारलं. "आजची धरून बावीस नाईट," आतून कुणीतरी उत्तर दिलं. प्रत्येकाचा रंग, दागिने, ट्रंक ज्याची त्याची. चेहरा ज्याने त्याने रंगवायचा.

अशा वेळी फोटो काढू नका. अर्धा रंगलेला चेहरा हा दाखवायचा चेहरा नाही. पूर्ण रंगल्यावर विचारा, बहुतेक जण आनंदाने उभे राहतात.

अजून दोन गोष्टी करू नयेत. रंगमंचावरच्या बाकड्यावर बसू नये. मी नाटकाआधी, रिकामं आहे म्हणून, पाठ टेकायला बसले होते. एक लहान मुलगी धावत आली आणि म्हणाली, "तां इंद्राचा आसा!" आणि वाजवणाऱ्यांच्या पुढून ये-जा करू नये. पेटीवाल्याचं नटाच्या तोंडाकडे लक्ष असतं, तुम्ही मध्ये आलात की सूर चुकतो आणि बोलणी त्याला बसतात.

लाउडस्पीकरच्या समोरची मोकळी जागा मोकळी का आहे, हे सांगायला नको.

९. दुसरा दिवस: पिंगुळी आणि सावंतवाडी

सकाळी झोपा. दुपारचा बेत मात्र आधी करून ठेवा, कारण इतक्या लांब येऊन फक्त झोपून परत जाणारे मी पाहिले आहेत.

कुडाळ स्टेशनपासून पिंगुळी रिक्षाने जवळ आहे. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ ही कला टिकून आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं "ठाकर आदिवासी कला आंगण" हे संग्रहालय बघायचं. संग्रहालय म्हटल्यावर काचेची कपाटं आणि "हात लावू नये" डोळ्यापुढे आणू नका, इथे घरचंच माणूस आपल्याला समजावून सांगतं. चित्रकथीत एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, एकेक चित्र उभं धरून कथा गात सांगायची. पुणेकरांनी केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रं काचेआड पाहिली असतील. ती गायली जातात हे इथे कळतं.

इथला सापळा: न सांगता गेलात तर वस्तू दिसतील, खेळ दिसणार नाही. बाहुल्यांचा खेळ बघायचा तर आधी फोन करून किती जण आहात ते सांगा आणि मानधन विचारून घ्या. घासाघीस करू नका, कृपा करून. तुम्ही मॉलमध्ये करत नाही.

तिथून सावंतवाडी. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफा रंगवण्याचं काम चालतं. गंजिफा म्हणजे लाखेचा लेप दिलेले गोल, हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगाचे बारा. रात्रभर नाटक बघून आलेल्या माणसाने हा संच हातात घेऊन बघावाच. वेळा बदलतात, सुट्टीच्या दिवशी बंदही असतं, तेव्हा आधी विचारा. लाकडी खेळणी आणि फळं घ्यायची तर चितारआळीत जा. घासून बघा, रंग हाताला लागला तर दुसरं दुकान.

संध्याकाळी परतीची गाडी असेल तर एवढं होतं. गाडी दुसऱ्या दिवशीची असेल तर राजवाड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या रिक्षावाल्याला विचारा, आज कोण आसा आणि खंय. माझ्या दुसऱ्या फेरीत त्याने विचारताच सांगितलं, गाव सहा किलोमीटरवर, कंपनी चांगली, आणि संकासुर करणारा त्याचा मेहुणा.